अर्धे पैसे आगाऊ

28 जून 2025, डोंबिवली

सोसायटीच्या ग्रुपवर सकाळपासून कोल्हापुरीचा उमाळा आलाय. प्राडा या इटालियन कंपनीने 22 तारखेला मिलानमध्ये पुरुषांच्या कपड्यांचा शो केला. मॉडेलच्या पायात थेट आपली कोल्हापुरी आणि माहितीत मात्र नुसतं ‘चामड्याचे सँडल’. कोल्हापूरचं नाव नाही, भारताचंही नाही. बोंबाबोंब झाल्यावर कंपनीने महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सला पत्र पाठवून प्रेरणा भारतीय कारागिरीची असल्याचं मान्य केलं. पण ग्रुपवरचा राग काही उतरत नाही. बहिष्कार घाला, खटला भरा, धडा शिकवा. प्राडाचं काहीही विकत घेण्याची ऐपत आमच्या चार इमारतींत कोणाची नाही, त्यामुळे बहिष्कार अगदी शंभर टक्के यशस्वी आहे.

दुपारी मी एक प्रश्न टाकला. आपल्यापैकी किती जणांच्या घरी कारागिराने हाताने शिवलेली कोल्हापुरी आहे? बराच वेळ ग्रुप चिडीचूप. मग पहिल्या मजल्यावरच्या वहिनींनी फोटो पाठवला, तो मॉलमधल्या, फोमचा तळ लावलेल्या चपलेचा. निवृत्त मास्तरांनी लिहिलं, ‘माझ्या वडिलांकडे होती. करकर वाजायची.’

एकाने विचारलं, कोल्हापुरीचं भौगोलिक मानांकन कर्नाटकालाही का दिलं? 2019 मध्ये मिळालेल्या मानांकनात आपले कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर हे चार जिल्हे आणि तिकडचे बेळगाव, धारवाड, बागलकोट, विजापूर हे चार आहेत. अथणी, निपाणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या हीच चप्पल शिवतात. राज्यांच्या सीमा आखल्या गेल्या त्याच्या कितीतरी आधीपासून. हे लिहून मी फोन बाजूला ठेवला, कारण पुढे सीमाप्रश्न निघणार हे उघड होतं.

2 जुलै

आईच्या कपाटात तिच्या ग्राहक संघाची जुनी वही सापडली. संघ मुंबई ग्राहक पंचायतीचा, आणि पंचायत 1975 सालची. बिंदुमाधव जोशी आणि गायक-संगीतकार सुधीर फडके हे सुरुवातीच्या मंडळींतले. दहा-बारा कुटुंबांनी एकत्र यायचं, महिन्याचं वाणसामान एकत्र मागवायचं आणि आपणच वाटून घ्यायचं. महिन्यातून एकदा आमच्या बाहेरच्या खोलीत गूळ, तूरडाळ, साबण यांचा ढीग पडायचा. बायका याद्या घेऊन बसायच्या आणि आम्हा मुलांना पिशव्या पोचवायला पिटाळायच्या. त्या काळात भेसळ, काटामारी आणि टंचाई यांनी गिऱ्हाईक गांजलेलं होतं. बायकांनी दुकानदाराला बाजूला सारून त्यावर आपला तोडगा काढला.

वही वाचताना जाणवलं की त्या सगळ्या खटाटोपात प्रश्न एकाच बाजूने विचारला जायचा. आपल्याला माल चोख आणि रास्त भावात कसा मिळेल? ज्याने तो पिकवला किंवा बनवला त्याला काय मिळालं, हा रकाना वहीत नाही. यात आईला दोष नाही. तिचा स्वतःचाच महिना 20 तारखेला संपायचा.

दुसऱ्या टोकाने हा प्रश्न विचारणारे लोक दुसरीकडे होते. अमेरिकेतल्या एडना रूथ बायलर यांनी 1946 मध्ये पोर्तो रिकोतल्या बायकांचं भरतकाम आपल्या ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली. गाडीच्या डिकीत माल घालून त्या गावोगाव फिरायच्या. मेक्सिकोच्या वाहाका भागातल्या कॉफी उत्पादकांच्या सहकारी संस्थेबरोबर काम करणारे डच पाद्री फ्रान्स व्हॅन डर हॉफ आणि त्यांचे साथीदार निको रोझेन यांनी 1988 मध्ये हॉलंडात ‘माक्स हावेलार’ हा शिक्का काढला. तो असलेली कॉफी म्हणजे शेतकऱ्याला ठरलेला किमान भाव मिळालेली कॉफी. आणि इंग्लंडमधलं गार्स्टँग हे लहानसं गाव. ब्रूस क्राउदर या जनावरांच्या डॉक्टरांच्या पुढाकाराने तिथल्या दुकानदारांनी, शाळांनी, चर्चनी असाच माल वापरायचं ठरवलं आणि 2000 मध्ये गावाने स्वतःला जगातलं पहिलं फेअरट्रेड गाव जाहीर केलं.

गार्स्टँगला जे जमलं त्याचा लहानसा तुकडा आमच्या सोसायटीला जमायला काय हरकत आहे? आईची पद्धत घ्यायची, त्यात तो राहिलेला रकाना घालायचा. दिवाळीसाठी कोल्हापुरी चपला एकत्र मागवायच्या.

6 जुलै, आषाढी एकादशी

ऑफिसातल्या कोल्हापूरच्या मैत्रिणीने एका कारागिराचा नंबर दिला. फोनवर मी सरळ विचारलं, एक जोड केवढ्याला द्याल? पलीकडून शांतपणे उत्तर आलं, “आदी येऊन बगा तर ताई. न बगता काय भाव सांगू?”

साबुदाण्याची खिचडी बिघडली. जास्त भिजला होता.

12 जुलै, कोल्हापूर

महालक्ष्मी एक्सप्रेसने सकाळी उतरले. आधी शिवाजी चौकाजवळच्या चप्पल लाईनीत फिरून आले. ओळीने दुकानं, छतापर्यंत जोड टांगलेले. एक गिऱ्हाईक दुकानदाराशी घासाघीस करत होतं आणि शेवटी सांगितल्याच्या निम्म्यात सौदा पटला. निम्म्यात देऊन दुकानदाराचं भागतं, मग कमी कोणाचं पडतं, हे पाहायला पुढे सुभाषनगरात गेले.

फोनवरच्या कारागिराचं, दादांचं, घर म्हणजे रस्त्याकडची एक खोली कामाची आणि मागची राहायची. कामाच्या खोलीत लाकडी ठोकळ्यापुढे दादा मांडी घालून बसलेले, धाकटा भाऊ खिडकीपाशी. रापीने कातडं कापताना हात असा फिरतो की वाटावं कागदच आहे. मी रापी हातात घेऊन पाहिली तर एक रेघसुद्धा सरळ गेली नाही. तळाचे दोन थर एकावर एक ठेवून आरीने भोकं पाडायची आणि त्यातून कातड्याचीच वादी ओवून शिवायचं. खिळा नाही. दोन बाजूंना कान शिवायचे, कानांतून पट्टा, पुढे अंगठा. अंगठा किंचित इकडेतिकडे झाला की चप्पल जन्मभर चावते.

कातडं पूर्वी इथंच कमावलं जायचं. त्याची रीत दादांनी सांगितली. अख्खं कातडं शिवून पिशवी करायची, तिच्यात बाभळीची साल आणि हिरडा यांचं पाणी भरून ती टांगायची आणि ते पाणी कातड्यातून थेंबथेंब पाझरू द्यायचं. अशा कातड्यात घाम जिरतो, उन्हात पाय भाजत नाही. आता अशी कामं करणारी घरं कमी झाली. 2015 मध्ये लागू झालेल्या कायद्याने बैल कापायला बंदी आली, तेव्हापासून म्हशीच्या कातड्यावर भिस्त. दादा कातडं व्यापाऱ्याकडून उधारीवर आणतात आणि बहुतेक जोड त्यालाच घालतात. भाव तो सांगेल तो.

“किती देतो?”

“चांगल्या जोडाला 400. कवा 20 वर, कवा 20 खाली.”

“मग तुम्ही नको का म्हणत नाही?”

दादा हसले. भाऊ म्हणाला, “ताई, जूनमधी पोरांच्या शाळा. पावसाळ्यात कातडं वाळत न्हाई, बुरशी येती, काम निम्म्यावर. आनि गिऱ्हाईक येतंय दसरा-दिवाळीला. मधलं चार म्हैनं त्योच उचल देतोय. त्याला न्हाई कसं म्हनायचं?”

इतके दिवस मी भावाच्याच मागे लागले होते. 400 चे 600 केले, 700 केले की झालं, असं समजत होते. पण जुलैतले 400 आणि दिवाळीतले 700 यांत हा माणूस जुलैतलेच 400 घेणार, कारण पोराची फी जुलैत भरायची आहे. व्यापाऱ्याची पकड दरापेक्षा या चार महिन्यांवर जास्त आहे.

मग कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूवर आम्ही एका जोडाचा हिशेब मांडायला बसलो. तळाचं कातडं, वरचं कातडं, वादी, रंग, तेल, वीज, दोघा भावांची मजुरी. पट्ट्यावर तीनपदरी वेणी होती, अतिशय बारीक. मी विचारलं, ही कोण घालतं?

“आमची ही घालती. गोंडंबी तीच करती.”

“तिची मजुरी कुठं लिहिली?”

“ती घरातच असतीया की.”

आतून आवाज आला. “घरात असतीया म्हंजे काय बसून असतीया व्हय?”

वहिनी कपबशा घेऊन बाहेर आल्या त्या चहा ठेवून तिथेच बसल्या. घड्याळ लावून एका जोडाच्या पट्ट्यांची वेणी घालून दाखवली. बोटं इतकी झरझर चालतात की पदर मोजता येत नाहीत. तरी एका जोडाला पाऊण तास लागला, आणि मध्ये दोनदा कोणीतरी हाक मारून उठवलं ते वेगळं. कॅलेंडरवर एक ओळ वाढली. बेरीज 850 वर गेली. बेरीज पाहून दादाच दचकले. “एवडं कोन देनार?”

मी म्हटलं, विचारून सांगते.

भौगोलिक मानांकनाच्या, म्हणजे जीआयच्या, यादीत नाव नोंदवलंय का, तेही विचारलं. मानांकन संत रोहिदास चर्मोद्योग महामंडळ आणि कर्नाटकातलं तसंच महामंडळ यांच्या नावे आहे, पण तो शिक्का वापरायचा तर कारागिराला आपलं नाव नोंदवावं लागतं. “कागुदपत्रं दिल्यात एकदा,” दादा म्हणाले आणि विषय तिथंच संपला.

20 जुलै

आज सोसायटीच्या हॉलमध्ये मापं घेतली. नुसता नंबर सांगून चालत नाही. सात नंबरचे दोन पाय कधी सारखे नसतात. दादांनी सांगितल्याप्रमाणे जुन्या वर्तमानपत्रावर उभं राहायचं, दोन्ही पायांवर सारखा भार, आणि पेन्सिल सरळ धरून कडेने रेघ ओढायची. अंगठा आणि शेजारचं बोट यांच्यामध्ये फुली. पायाचा उंच भाग सुतळीने मोजून आकडा बाजूला.

चांगलीच करमणूक झाली. कोणी गुदगुल्या होतात म्हणून पाय ओढून घेतला. मास्तरांचा डावा पाय उजव्याहून स्पष्ट मोठा निघाला आणि आयुष्यभर उजवी चप्पल का सटकते याचा त्यांना उलगडा झाला. सेक्रेटरींनी आधी मोजे काढायला नकार दिला. दुसऱ्या विंगमधल्या आजींच्या अंगठ्याला गाठ आहे, त्यांना गेली कित्येक वर्षं दुकानात चप्पल मिळत नाही. त्यांच्या कागदावर मी गाठ कुठे ते लाल पेन्सिलीने दाखवलं. “हे असं कोणी विचारत नाही हो,” त्या म्हणाल्या.

34 जोड भरले. प्रत्येक कागदावर नाव, मजला, रंग, कान किंवा बिनकान. गुंडाळी चांगलीच जाड झाली.

27 जुलै

आज पैशांवरून वाद. 850 ला फारशी हरकत निघाली नाही, आश्चर्य आहे. मॉलवाल्या वहिनींनीच सांगितलं की फोमवाल्या चपलेला त्यांनी याहून जास्त मोजले होते. अडलं ते आगाऊवर. निम्मे पैसे आत्ता द्यायचे आणि चप्पल ऑक्टोबरात मिळणार, हे लोकांच्या गळी उतरेना. “माल न बघता पैसे? पावती आहे का? पळून गेला तर?”

मी विचारलं, हा फ्लॅट कसा घेतलात? खड्डाही खणला नव्हता तेव्हा बिल्डरला बुकिंगचे पैसे दिले होते, मीही त्यात. तेव्हा कोणी म्हणालं नव्हतं की आधी चाव्या द्या. मंडळी जरा वरमली, पण पटलं असं नाही.

जागतिक फेअर ट्रेड संघटनेच्या दहा तत्त्वांत हे स्वच्छ लिहिलेलं आहे. हस्तकलेच्या वस्तू मागवणाऱ्याने, कारागिराने मागितल्यास, निदान निम्मी रक्कम बिनव्याजी आगाऊ द्यावी. त्या तत्त्वांत मुलांना कामाला न लावणं आहे, बायकांना समान मोल देणं आहे, पर्यावरण आहे. पण भाषणाला न जाता थेट खिशाला हात घालणारं कलम हेच. बाकीच्यांना टाळ्या मिळतात. इथे मात्र प्रत्येकाला 425 रुपये तीन महिने दुसऱ्याच्या हाती सोपवायचे आहेत.

शेवटी मास्तरांनी पहिले पैसे टेबलावर ठेवले. चार घरं गळाली, 30 राहिली. संध्याकाळी 12,750 रुपये दादांच्या खात्यावर पाठवले. त्यांचा फोन आला तो फक्त पोचले एवढं सांगायला. मग थोडं थांबून, “ह्या खेपेला कातडं रोखीनं घेतो.” रोखीने घेतल्यावर भाव किती खाली येतो ते पुढच्या वेळी विचारायला हवं.

10 ऑगस्ट

कोल्हापुरात पावसाची झड. दादांचं काम बंद. ग्रुपवर एकाने ‘काय झालं चपलांचं?’ असं विचारून रडका चेहरा टाकला. उत्तर दिलं नाही.

14 सप्टेंबर

स्टेशनच्या पुलाखाली ‘ओरिजनल कोल्हापुरी’ 250 ला. उचलून पाहिली. पुठ्ठ्यावर रेक्झिन, वेणी साच्यात ठोकलेली, शिलाई मशीनच्या दोऱ्याची. हाताला हलकी आणि वास गोंदाचा. खरीला झाडाच्या सालीचा उग्र वास येतो आणि ती हाताला जड लागते. तळाच्या कडेला वादीचे टाके थोडे खालीवर दिसतात, ते तसेच असायला हवेत.

विकणारा पोरगा बिहारचा. दिवसाला काय सुटतं विचारलं तर त्याने आधी पोलिसांचा वाटा सांगितला. खोट्या चपलेवर रागावून उठले होते, तो राग याच्यावर काढण्यात काही अर्थ नव्हता. दादांचा व्यापारीसुद्धा मोठ्या शहरातल्या दुकानांकडून महिनोन्‌महिने पैसे यायची वाट बघतो म्हणतात. उधारी वरून खाली सरकत जाते आणि जिथे सरकायला जागा उरत नाही तिथे दादा बसलेले असतात.

12 ऑक्टोबर

चपला आल्या! गोणपाटात बांधलेले दोन गठ्ठे, ट्रान्सपोर्टच्या टेम्पोतून. प्रत्येक जोडात आमचा वर्तमानपत्राचा कागद घडी करून परत ठेवलेला, नावासकट.

गठ्ठे हॉलमध्ये उतरवले आणि लगेच एक आक्षेप. हॉलच्या कोपऱ्यात गणपतीचं मखर अजून ठेवलेलं आहे, तिथे कातड्याचं सामान नको, पार्किंगमध्ये वाटा. मी म्हटलं, याच हॉलमध्ये गणपतीत पडद्यामागे ढोल ठेवले होते, त्यांनाही कातडंच होतं. यावर उत्तर नव्हतं, पण चेहरे आंबट झाले. हे सगळं नुसतं चपलेबद्दल नसतं. कातड्याला हात लावणाऱ्याला गावाबाहेर ठेवायचं आणि त्याने केलेली वस्तू पायात घालून मिरवायची, ही रीत आपल्या हाडामांसात मुरलेली आहे. भाव पाडून मागताना तीच जात आपल्या तोंडून बोलते, असं माझं मत आहे. मातीचा माठ आणि कोल्हापुरी घेताना आपण जेवढे निर्लज्जपणे घासाघीस करतो तेवढी औषधाच्या दुकानात करत नाही.

मास्तरांनी तेव्हा शाहू महाराजांची गोष्ट सांगितली. गंगाराम कांबळे यांनी कोल्हापुरात चहाचं दुकान काढलं. अस्पृश्याच्या हातचा चहा म्हणून कोणी फिरकेना. महाराज स्वतः तिथे गाडी थांबवून चहा प्यायचे आणि बरोबरच्या मंडळींना, अधिकाऱ्यांना पाजायचे. महाराज पितात म्हटल्यावर दुसऱ्यांना नाक मुरडणं अवघड झालं. अख्ख्या शहराने पाहावं असा कप हातात धरून ते तिथे बसायचे. मला ही गोष्ट माहीत होती, पण ती खरेदीची गोष्ट आहे हे आजवर ध्यानात आलं नव्हतं. महाराजांना वटहुकूम काढता येत होते, शिष्यवृत्त्या, वसतिगृहं सगळं त्यांनी केलंच. तरी गिऱ्हाईक म्हणून बसायची गरज त्यांना वाटली.

चपला हॉलमध्येच वाटल्या. आजींची सगळ्यात आधी. गाठीपाशी अंगठ्याची पट्टी रुंद आणि आतून मऊ कातड्याची. आजी हॉलभर चालून आल्या, करकर आवाज करत.

उरलेले निम्मे पैसे त्याच दिवशी पाठवले. ग्रुपवर तीन जण ‘दिवाळीनंतर देतो’ म्हणाले, त्यांची भर सध्या सोसायटीच्या खात्यातून नाही, माझ्या खात्यातून.

19 ऑक्टोबर

तक्रारी. रंग फोटोपेक्षा गडद, एका कानाचा टाका वर आलाय, आणि चावते, चावते, चावते! कोल्हापुरी पहिले आठ दिवस चावतेच. आतून बाहेरून खोबरेल लावून रात्रभर ठेवा, आधी घरात घाला, भिजवू नका, हे मी कागदावर छापून दिलं होतं. तो कागद कोणी वाचला नाही.

दोन जोड मात्र खरंच चुकले होते, पट्टा आखूड. ते परत पाठवले आणि दादांनी विनातक्रार बदलून देतो म्हटलं. बाकी ‘रंग आवडला नाही’ वाल्यांना मी ठाम नाही म्हणाले. ऑनलाइन मागवायचं, घालून पाहायचं, परत करायचं, या सवयीने आपल्याला वाटायला लागलंय की परत करणं फुकट असतं. कारखान्याला ते परवडतं. सुभाषनगरातल्या खोलीत परत आलेला जोड म्हणजे त्या पायाच्या मापाचं दुसरं माणूस सापडेपर्यंत अडकलेले 850 रुपये. यावरून दोघींशी बोलणं बंद आहे. फराळाची ताटं मात्र दोन्हीकडून आली.

12 डिसेंबर

प्राडाने काल मुंबईत दोन्ही महामंडळांशी करार केला. महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या कारागिरांबरोबर 2,000 जोड करणार, फेब्रुवारीत जगभर विकायला ठेवणार, किंमत 800 युरोंच्या आसपास. म्हणजे आपल्या पैशात 80 हजारांच्या वर. कारागिरांना प्रशिक्षणही आहे करारात.

ग्रुपवर आता अभिमानाची लाट. मी दादांना फोन केला. त्यांनी बातमी ऐकली होती. गल्लीतल्या कोणाला काम मिळालं तर बरंच, म्हणाले. मग त्यांनी विचारलं ते असं: “त्ये पैसं कवा देत्यात ताई, आदी का मागनं?”

बातमीत किंमत आहे, दुकानांची संख्या आहे, मालकाच्या मुलाची मुलाखत आहे. दादांच्या प्रश्नाचं उत्तर मला त्यात सापडलं नाही. चांगलं व्हावं असं मनापासून वाटतं. नाव मिळणं ही लहान गोष्ट नाही, आणि सहा महिन्यांपूर्वी तेही नव्हतं. लोकांनी आरडाओरडा केला म्हणून ते मिळालं, हेही खरं. जूनमध्ये ग्रुपवरच्या रागाला मी हसले होते, पण तशा हजारो ग्रुपवरचा राग एकत्र झाला नसता तर कंपनीने कोल्हापूरला माणसं पाठवली नसती. आता दोन हजार जोड संपल्यावर काय, ते पाहायचं.

11 जानेवारी 2026

आज बैठक. पुढच्या खेपेची यादी. गेल्या वेळचे 30, त्यातले 19 पुन्हा मागवणार, बाकीचे म्हणतात एक जोड पाच वर्षं पुरतो, ते बरोबरच आहे. शेजारच्या दोन सोसायट्यांतून नवी नावं आली, आणि आजींच्या वाचनालयातल्या मैत्रिणींची, सगळ्यांच्या पायाला काही ना काही दुखणं. एकूण 47.

दादांनी भाव 920 सांगितला आहे. कातडं महागलं. सेक्रेटरींनी सुचवलं, आता संख्या वाढली तर कमी करायला सांगा, घाऊक दर. हा प्रस्ताव मतांना टाकला. मी विरोधात बोलले. जास्त जोड म्हणजे त्यांचं काम जास्त, वेणी काही घाऊकात भरभर होत नाही. कातडं एकदम घेण्यात खरंच काही वाचत असेल तर ते दादांनी सांगावं, आपण मागू नये. चार मतांनी 920 राहिले. सेक्रेटरींनी हरल्यावरही आपलं नाव यादीत ठेवलं, आणि मोजे न काढता माप दिलं तर चालेल का, असं विचारलं.

आगाऊ आता जानेवारीतच देणार, मे महिन्याच्या लग्नसराईसाठी. आणि जुलैची वेगळी खेप ठेवायची, माल दिवाळीला, कारण पैशांची खरी नड जुलैतच असते. ही सूचना ज्या वहिनींचं माझ्याशी बोलणं बंद होतं त्यांची.

संध्याकाळी फोन केला. दादांनी आकडा ऐकून भावाला हाक मारली, मग दोघांत बरंच काही बोलणं झालं ते मला कळलं नाही. शेवटी फोन वहिनींनी घेतला.

“ताई, येक सांगायचं हुतं. वेनीचं पैसं येगळं हिशेबात धरल्यात न्हवं? मग ते येगळं माझ्या खात्यावर घाला. पासबुक काडलंय म्या.”

मी पेन शोधलं. त्यांनी आकडे एकेक करून वाचले, मी परत वाचून दाखवले, मधला एक चुकला होता तो सुधारला. मागून दादांचा आवाज आला, “घाला घाला, तिचंच हाईत.” जोडामागे 120 प्रमाणे 47 जोडांचे 5,640, त्यातले निम्मे, 2,820, उद्या त्यांच्या खात्यावर जातील.